आयनोला पोहता येत होतं

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो अंदमानात, वयाच्या सतराव्या वर्षी, आणि खरं सांगायचं तर मी तो पाहिलाच नाही. पाणी हिरवं होतं, पुढे निळं होत गेलं होतं, तळाची वाळू दिसत होती, असं बरोबरचे सगळे नंतर कितीतरी दिवस सांगत होते. माझी नजर पाण्यावर हलणाऱ्या एका पिवळ्या टोपीवर खिळलेली होती. त्या टोपीखाली आयनो होती, फिनलंडहून वर्षभरासाठी आमच्या घरी राहायला आलेली माझ्याच वयाची मुलगी. तिच्याबद्दलची एक गोष्ट त्या किनाऱ्यावर फक्त मला माहीत होती.

आमचं घर चिंचवडला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अण्णा मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला होते. त्यांची थर्ड शिफ्ट असली की आमचं घर दिवसा झोपायचं. सकाळी कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची, ते चहा घेऊन आतल्या खोलीत आडवे व्हायचे आणि मग दुपारपर्यंत आम्ही सगळी पावलं मोजून टाकायचो. आई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायची. भांडी पाण्यात बुडवून ठेवायची, एकमेकांवर रचायची नाही. बाहेर लोकलचा भोंगा, भंगारवाल्याची आरोळी, खालच्या वर्कशॉपमधलं लेथचं रडगाणं चालूच असे, त्याने अण्णांची झोप मोडत नसे. घरातला चमचा पडला की मात्र मोडायची. मी त्या घरात लहानाची मोठी झाले ती आवाज न करता. आजही माझ्या हातून ताट पडलं तर मी आधी आतल्या दाराकडे बघते. अण्णांना जाऊन किती वर्षं झाली.

आयनो आमच्याकडे आली ती खरं तर दुसऱ्यांच्या वाट्याची होती. आमच्या कॉलेजात देवाणघेवाणीच्या योजनेतून दर वर्षी काही परदेशी मुलं यायची आणि इथल्या कुटुंबांत राहायची. कुटुंबं निवडणारं एक मंडळ होतं. ती बहुतेक बंगल्यांतली, मोठ्या फ्लॅटमधली असायची. त्या वर्षी एका कुटुंबाने ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि योजनेचं काम बघणाऱ्या येवले सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरी सोय होईल का? मी घरी नुसतं सांगितलं, विचारलं नव्हतं. अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "येऊ दे की. पोरगी ती, असून असून किती जागा लागंल तिला? एक कॉट टाकू." आईने जावेच्या घरून कॉट आणवली, नवी गादी करून घेतली आणि महिनाभर याच काळजीत राहिली की ही मुलगी खाणार काय.

ती सगळं खायची. येसराची आमटी घाम पुसत खायची, शेंगदाण्याची चटणी भाताबरोबर, पोळीबरोबर, नुसतीसुद्धा. आई परिसरातल्या पोरांचे डबे करायची. दोन महिन्यांत आयनो तिच्या बरोबरीने पोळ्या लाटायला लागली. तिच्या पोळीला कोपरे यायचे. आई म्हणायची, "असू दे, पोटात गेल्यावर कोण बघायलंय?" आणि त्या पोळ्या आमच्या तिघींच्या ताटात यायच्या. आयनो सांगायची, आमच्याकडे इतकी तळी आहेत की मुलं सायकलच्या आधी पोहायला शिकतात. मी तिला आमची पवना दाखवली. पुलावरून तिने खालचं काळं पाणी बघितलं आणि नाकाला रुमाल लावला.

थंडीतल्या एका सकाळी आई डबे पोचवायला गेली होती, अण्णा आत झोपले होते. आम्ही दोघी ओट्यापाशी होतो. आयनो लाटता लाटता थांबली. डाव्या हाताचा अंगठा बोटावर घासायला लागली, दोरा वळावा तसा, एकसारखा. मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात मी नव्हते. मग ती सरळ खाली आली. तिचं डोकं फरशीवर आपटायच्या आत मी कसं धरलं, मला ठाऊक नाही. तिचं सगळं अंग झटके देत होतं, ओठाशी फेस आला होता आणि मी ओरडले नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले आणि आतल्या दाराकडे बघत राहिले, अण्णा जागे होतील म्हणून.

दोन-तीन मिनिटांत ते थांबलं. भानावर आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "कुणी बघितलं?" मग तिने सगळं सांगितलं. लहानपणापासून फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. दोन वर्षं एकही आली नव्हती, म्हणून अर्जात लिहिलंच नाही. लिहिलं असतं तर निवडलं नसतं. आता कळलं तर पुढच्याच विमानाने परत पाठवतील. पुन्हा असं झालं तर काय करायचं तेही तिने मला तिथेच शिकवलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची का, असं मी विचारलं, तर तेही नाही. आणि मग माझा हात उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवला. हे ती आईच्या मालिका बघून शिकली होती. "शपथ," ती मराठीत म्हणाली. मी शपथ घेतली. गोळ्यांबद्दल आईने एकदा विचारलं, तेव्हा मीच सांगितलं की डोकेदुखीच्या आहेत.

सुट्टीत मंडळाने परदेशी मुलांची अंदमानची सहल काढली. प्रत्येक पाहुण्याबरोबर यजमान घरातलं एक मूल जाणार होतं. पाहुणा गेला तर यजमानाचं मूल, नाही तर नाही. आमच्या घरातलं कुणी तोवर विमानात बसलं नव्हतं. आईने आठ दिवस आधीपासून धपाट्यांचं पीठ तयार करून ठेवलं. अण्णांनी कंपनीत सगळ्यांना सांगितलं. बस चुकवायला नको म्हणून कोपऱ्यावर कधी न थांबणारे अण्णा पानवाल्यालाही सांगून आले.

येवले सर आमच्याबरोबर प्रमुख म्हणून होते. चाकणजवळच्या एका गावातलं शेतकऱ्याचं घर, विहिरीत पोहून वाढलेले, कॉलेजात खेळ शिकवायचे. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण रागावले किंवा घाबरले की गावची भाषा बाहेर यायची. पोर्ट ब्लेअरहून बेटावर जाणाऱ्या बोटीत त्यांची ती भाषा आम्ही दिवसभर ऐकली, कारण समुद्र खवळलेला होता आणि अर्धी मुलं उलट्या करत होती. आयनोही. सकाळची गोळी घेऊन अर्धा तासही झाला नसेल, सगळं बाहेर पडलं. मी तिच्या कानाशी म्हटलं, दुसरी घे. तिने मान हलवली, दुसरीही राहणार नाही म्हणाली. संध्याकाळी बेटावर उतरल्यावर तिने गोळी घेतली, त्यावर चार घास भात खाल्ला आणि तोही उलटून पडला. "उद्या सकाळी बरं वाटेल," ती म्हणाली. मी कॉटवर पडून तिचा श्वास ऐकत राहिले.

सकाळी नाश्त्याला तिने गोळी घेतली, ती पोटात राहिली. मला जरा हायसं वाटलं. मग मी बघितलं, की ती पावाचा तुकडा तसाच ठेवून डाव्या हाताचा अंगठा बोटावर घासते आहे. थोडाच वेळ. मी तिचा हात धरला, ती दचकली. "आज पाण्यात जाऊ नकोस," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी ठीक आहे." मी म्हटलं, "अंगठा." तिचा चेहरा लाल झाला. "तू शपथ घेतली आहेस. इतक्या लांब आले आणि समुद्रात जाऊ नको? मी लहान मूल नाही, मला पोहता येतं." ती उठून गेली.

किनाऱ्यावर येवले सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. प्रवाळ बघायचे होते. काचेचा मुखवटा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं तरंगायचं. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून किनाऱ्यालगत राहायचं, असं तिथल्या बंगाली बोटवाल्याने समजावलं. आयनोने जॅकेट नको म्हटलं. सरांनी तिला आधी पोहून दाखवायला लावलं. ती गेली आणि आली, इतकी सहज की सरच हसले. "जा बाई, तूच आम्हाला शिकव." मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, "कुणाला काही त्रास? दमा, चक्कर, काहीही? आत्ताच सांगा, पाण्यात गेल्यावर सांगू नका." ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत माझ्यापर्यंत आले. माझ्यावर त्यांची नजर जरा थांबली, कारण मी बहुधा घाबरलेली दिसत असणार. "काय गं शुभांगी?" "काही नाही सर. मला पाण्याची भीती वाटते." "मग बस वाळूत," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मी वाळूत बसले. जॅकेट शेजारी पडलेलं. दहा-बारा मुलं पाण्यावर पालथी तरंगत होती, सगळ्यांची तोंडं पाण्यात, नळ्या वर. कोण मजेत आहे आणि कोण नाही, हे ओळखायची काहीच सोय नव्हती. मी फक्त पिवळी टोपी बघत होते. ती हलली की श्वास घेत होते. ती इतरांपेक्षा लांब गेली, मग थोडी अलीकडे आली. मी मनात शंभरपर्यंत मोजायचं, मग पुन्हा एकपासून सुरुवात करायची, असं चाललं होतं. चौथ्यांदा की पाचव्यांदा मोजत असताना टोपी थांबली. आयनोच्या अवतीभवतीचं पाणी बारीक थरथरायला लागलं, जसं ताटातलं पाणी खालून ट्रक गेला की थरथरतं. नळी आडवी झाली होती.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तसा आवाज माझ्या घशातून निघाला. "सर! आयनो!" पाण्यातल्यांच्या कानांवर पाणी होतं, कुणी वळलं नाही. सर दुसऱ्या टोकाला एका मुलाचा मुखवटा बसवून देत होते, त्यांनी हात हलवला, त्यांना वाटलं मी गंमत बघून ओरडते आहे. मी पाण्यात शिरले. जॅकेट तिथेच राहिलं. पायाखाली काहीतरी धारदार लागलं, गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली. पाय टेकेनासे झाले तेव्हा मी मान वर करून जेवढा होता तेवढा सगळा आवाज लावला, "फिट! तिला फिट आलीय! फिट आलीय तिला!"

तो शब्द सरांना कळला. ते कसे आले मी बघितलं नाही, माझ्या तोंडात पाणी गेलं होतं आणि बोटवाल्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. मी खोकत वाळूवर पडले, तोवर सरांनी आयनोला उचलून आणलं होतं. तिचे ओठ निळे होते. अंगाचे झटके अजून थांबले नव्हते. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली, कुणी तिच्या दातांत किल्ली घालायला बघत होतं. मी त्यांचे हात झटकले. "नाही! कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. धरू नका, सोडा तिला." ती कुशीवर झाली आणि तिच्या तोंडातून पाणी आलं, खूप पाणी, आणि मग घरघर करत एक श्वास. सरांनी भिजल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला कसं ठाऊक?"

मी म्हटलं, "पुस्तकात वाचलं होतं."

जीपमधून आरोग्य केंद्र, तिथून दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. तिच्या फुप्फुसात पाणी गेलं होतं. दोन दिवस डॉक्टरांनी काही सांगायचं नाकारलं. मी दवाखान्याच्या बाकावर पायाला पट्टी बांधून बसले होते, सर येरझारा घालत होते आणि दर थोड्या वेळाने चिंचवडला कुणाला तरी फोनवर तेच तेच सांगत होते, "व्हय, जॅकेट नव्हतं. व्हय, मीच जाऊ दिलं. न्हाई, कुणाला काय ठाऊक नव्हतं." हे शेवटचं वाक्य ते माझ्यासमोर म्हणायचे आणि मी फरशीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी आयनो उठून बसली आणि तिने फळं मागितली. सर बाहेर जिन्यात जाऊन रडले. मी त्यांना रडताना बघितलं आणि तरी काही बोलले नाही.

आम्ही परतल्यावर मंडळाची बैठक ठरली. येवले सरांनी निष्काळजीपणा केला, विनाजॅकेट मुलीला खोल पाण्यात सोडलं, त्यांच्याकडून हे काम काढून घ्यावं आणि कॉलेजलाही तसं कळवावं, असा सूर होता. आयनोची आई फिनलंडहून निघाली होती. आयनो आमच्याच घरी होती, मला बघितलं की भिंतीकडे तोंड करायची. बैठकीच्या दिवशी दुपारी अण्णा झोपले होते. मी आतल्या खोलीत गेले आणि त्यांना उठवलं. मी त्यांना कधी उठवलं नव्हतं. ते घाबरून उठून बसले, "काय झालं? पोरगी बरी हाय ना?" मी सांगितलं. थंडीतली सकाळ, शपथ, गोळ्या, बोट, अंगठा. ऐकता ऐकता त्यांनी पांघरुणाची घडी घातली. शेवटी म्हणाले, "सरांनी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं का नव्हतं, तेवढं सांग."

"होतं."

आई दारात उभी होती, हाताला पीठ. ती म्हणाली, "आता कशाला बोलायचं? पोरगी वाचली की. आपल्या पोरीचं नाव कशाला?" अण्णांनी शर्ट अंगात घातला. "त्या माणसाचं नाव जायलंय त्याचं काय?" ते म्हणाले. "तोंड धू. मी येतो संगं."

बैठक एका मोठ्या बंगल्याच्या हॉलमध्ये होती. अण्णा दाराशी उभे राहिले, कुणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी टेबलापाशी गेले आणि म्हटलं, की सरांनी आम्हाला विचारलं होतं, प्रत्येकाला विचारलं होतं, आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही. आवाज इतका बारीक निघाला की एका बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग बरंच काही झालं, कुणी रागावलं, कुणी म्हणालं की अशा घरांमध्ये मुलं ठेवूच नयेत, आमचं नाव यादीतून कायमचं काढलं. सरांवरची कारवाई मात्र तिथेच थांबली. बाहेर पायऱ्यांवर मी सरांना म्हटलं, "सर, मी तुमच्याशी खोटं बोलले." ते चपला घालत होते. "मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "पुस्तकात वाचल्यालं माणूस आसं हात झटकत न्हाई." मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? ते अण्णांकडे बघून म्हणाले, "पोर हाय. भ्याली आसंल."

आयनोची आई आली, आमच्या घरी एक दिवस राहिली. उंच, शांत बाई. तिने माझ्या आईला स्वयंपाकघरात सांगितलं, की अर्जावर आजार नाही असं आपण स्वतः लिहिलं, मुलीची फार इच्छा होती म्हणून. आयनो मधे दुभाषी होती, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगत. आईला ते नीट कळायला वेळ लागला. मग तिने त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघींना जेवायला बसवलं.

निघताना गाडी खाली उभी होती. अण्णा बॅगा घेऊन उतरले होते. जिन्यात आम्ही दोघीच होतो. आयनो इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती. मला वाटलं, ती शपथेबद्दल बोलणार, मी सगळ्या किनाऱ्याला ओरडून सांगितलं त्याबद्दल. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तू आधीच का नाही ओरडलीस?"

शपथ घातली होतीस म्हणून, असं म्हणता आलं असतं. मी तेच म्हटलं. तिने मान हलवली, मला मिठी मारली आणि खाली गेली. पुढे कित्येक वर्षं आमची पत्रं चालू राहिली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. बैठकीत मी जे सांगितलं ते खरं होतं, पण ते पूर्ण नव्हतं. अण्णांनाही मी पूर्ण सांगितलं नाही, आणि ते मला मोठेपणी माझ्या धीराबद्दल पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगायचे तेव्हा मी उठून आत जायचे. आज ते नाहीत, आई नाही, म्हणून लिहिते. निघण्याआधी मी बोलले असते तर आयनोचं नाव सहलीतून कमी झालं असतं आणि तिच्याबरोबर माझंही. मला विमानात बसायचं होतं. मला समुद्र बघायचा होता.